ओल्या चिंधीचा थर्मामीटर

कुणी न विचारता सल्ला द्यायची मला खोड आहे. या खोडीपायी १९७९ साली सौदीतल्या ताइफमध्ये मी जाफरभाईची नोकरी घालवायच्या बेतात होतो.

आमचा दोघांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एकच, शेख उस्मान. शहरातल्या त्याच्या हॉटेलचे एसी आणि कोल्डरूम माझ्याकडे, आणि वर डोंगरातली दोनशे जर्दाळूंची बाग जाफरभाईकडे. मी देवगडचा, तो रत्नागिरीजवळचा. कामावरून सुटलो की मी पिकअप घेऊन वर जायचो. जाफरभाईच्या हातच्या कालवणासाठी जातो असं सगळ्यांना सांगायचो, आणि ते बरंचसं खरं होतं.

त्या वर्षी त्याचा जीव टांगणीला लागला होता. लागोपाठ दोन वर्षं ऐन फुलोऱ्यात पहाटे कडाका पडून फुलं करपली होती. शेखने साफ सांगितलं होतं की यंदाही फळ धरलं नाही तर झाडं काढून गुलाब लावीन, आणि गुलाबाला माझी इथलीच माणसं आहेत. म्हणजे जाफरभाईचं काम खलास. इकडे त्याची थोरली, आमिना, नुकतीच कॉलेजात गेली होती, घरातली पहिलीच.

थंडीवर उपाय होता. रात्रभर आळ्यांतून पाणी खेळवलं की ओली जमीन ऊब सोडते आणि झाडाभोवतीची हवा दोन-तीन अंश वर राहते. पण टाकीतलं पाणी एकाच रात्रीला पुरायचं, आणि विहिरीवरून टाकी पुन्हा भरायला आठवडा जायचा. रेडिओ खालच्या शहराचं हवामान सांगायचा. वरच्या दरीतली रात्र त्याला काय ठाऊक? तेव्हा पाणी कोणत्या रात्री सोडायचं, ते आदल्या संध्याकाळी आपणच ओळखायला हवं.

हे कोडं मला फार आवडलं. आमच्या धंद्यात दोन थर्मामीटर शेजारी धरतात आणि एकाच्या फुग्याला ओली चिंधी बांधतात. हवा जितकी कोरडी, तितकी चिंधी भराभर वाळते आणि तो पारा खाली जातो. रोज मावळतीला हे दोन्ही आकडे मी माझ्या वहीत लिहायला लागलो. पहाटे नमाजाला उठला की जाफरभाई झाडाला टांगलेला तिसरा थर्मामीटर बघायचा आणि तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपायचा. तीन आठवडे हे चाललं, आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आठ मार्चला, गुरुवारी, बाग पूर्ण फुलली होती आणि संध्याकाळी ढग खाली उतरले. दरीत धुकं भरलं. फुलं हाताला ओली लागली. चिंधीचा पारा आणि कोरडा पारा यांत जेमतेम एका अंशाचा फरक होता.

आम्ही दोघंही हबकलो. आंब्याच्या मोहरावर धुकं उतरलं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भुरी येते, तुडतुडे पडतात, मोहर काळा होऊन गळतो. लहानपणी अशा हवेत वडील जेवणावरून उठून बागेत जायचे. बागेला घातक रात्र ती हीच, असं आम्ही धरून चाललो.

"जाफरभाई, आजच पाणी सोडा," मी म्हणालो.

"मलापण तेच वाटतंय. ही हवा चांगली नाय."

पाणी सोडलं. पहाटेचा आकडा आला सात. थंडी नव्हतीच, आणि टाकीच्या तळाला हातभर पाणी उरलं होतं. जाफरभाईने सात हा आकडा कॅलेंडरवर टिपला.

शुक्रवारची सुट्टी होती. जेवण झाल्यावर, काय चुकलं ते बघावं म्हणून मी वही घेऊन कॅलेंडरखाली उभा राहिलो. तीन आठवड्यांत माझे संध्याकाळचे आकडे आणि त्याचे पहाटेचे आकडे आम्ही एकदाही शेजारी ठेवले नव्हते. आता ठेवले, आणि चूक लख्ख दिसली. ज्या संध्याकाळी दोन पाऱ्यांत फरक कमी, ती पहाट उबदार. ज्या संध्याकाळी फरक मोठा, ती पहाट गारठलेली. एकदाही उलटं झालं नव्हतं. ओल्या हवेने थंडी अडत होती. मी आंब्याचं भय जर्दाळूला लावलं होतं.

बाहेर आलो. आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा पडलेला. देवगडला अशा हवेत माणसं निर्धास्त झोपतात. मावळतीला कोरडा पारा दहा, चिंधीचा दोन.

"काल म्हणालास ओली हवा वाईट," जाफरभाई म्हणाला. "आज म्हणतोस कोरडी."

"काल मी चुकलो. आज कॅलेंडर सांगतंय, मी नाही."

तो टाकीकडे बघत राहिला. सगळ्या झाडांना घोट घोट द्यावं असं त्याला वाटत होतं. दोन वर्षं त्यानेच ती जपली होती. मी म्हटलं, तसं केलं तर सगळीच जातील. शेवटी त्याने फावडं उचललं, बाकीच्या पाटांची तोंडं मातीने बुजवली आणि दरीकडच्या तीन ओळींना सगळं पाणी दिलं.

पहाटे वरच्या ओळींत उणे पाच होतं आणि त्या तीन ओळींत उणे दोन. दुपारपर्यंत बाकीच्या बागेतली फुलं तपकिरी पडली. तीन ओळी पांढऱ्या राहिल्या.

शेख आला. माझं अरबी तोडकंमोडकं, म्हणून माझा गुन्हा जाफरभाईलाच त्याला सांगावा लागला. चूक माझी, पाणी मी वाया घालवलं, यांना घरी पाठवू नका, असं मी म्हणालो. शेवटचं वाक्य त्याने सांगितलंच नाही. त्याऐवजी "मीपण हो म्हटलं होतं" हे मात्र सांगितलं, तेवढं मला कळलं.

शेख तिसऱ्या ओळीच्या कडेने चालत गेला. एका हाताला जिवंत फुलं, दुसऱ्या हाताला मेलेली. टोकापर्यंत जाऊन तो परत आला.

"दोन वर्षं मी समजत होतो, अल्लाने नेलं," तो म्हणाला. "ही रेघ तर माणसाने ओढलेली आहे." मग जाफरभाईकडे वळून त्याने विचारलं, "दुसरी टाकी पुढच्या फुलोऱ्याआधी बांधून होईल?"

जाफरभाईने होकाराची मान डोलावली. शेखची गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा होता, मग ओल्या आळ्यातच खाली बसला आणि रडला. मलाही आवरलं नाही. गुरुवारचं धुकं मी नीट ओळखलं असतं तर सगळी बाग वाचली असती, आणि रेघ मात्र कुणालाच दिसली नसती. हे मी त्याला सांगणार होतो. पहिल्यांदाच गप्प बसलो.

आत जाऊन त्याने माझी वही मागून घेतली, तिला भोक पाडलं आणि कॅलेंडरच्याच खिळ्याला टांगली.