आजाऱ्याची डोली

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. वेलींची विणलेली लांबट टोपली, दोन दांडे आणि त्या दांड्यांखाली चार खांदे, एवढंच माझं रूप. तुम्ही मला पाहून नाक मुरडाल. खुशाल मुरडा. हल्ली मलाच माझी शिसारी येते, आणि ती का येते हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

मला सेम्बागारेने विणलं. तो बात्वा जमातीचा, त्याचा जन्म ब्विंडीच्या जंगलातला. पुढे ते जंगल गोरिलांसाठी राखीव झालं आणि बात्वांना बाहेर, या टेकडीच्या उतारावर येऊन राहावं लागलं. माझ्यासाठी त्याच जंगलातून वेली तोडल्या म्हणून सेम्बागारेने चार दिवस कोठडीत काढले. लहानपणी ज्या वेलींना तो लोंबकळला, त्यांचाच तो चोर ठरला. सुटून आल्यावर त्याने मला पुरी केली आणि वस्तीला एकच नियम घालून दिला. धडधाकट माणसाने डोलीत बसायचं नाही.

इथून दवाखाना तीन डोंगरांपलीकडे आहे. कोणी आजारी पडलं की वस्तीतला एकजण कड्यावर उभा राहून हाक द्यायचा, “डोली उचलाऽऽ.” समोरच्या टेकडीवर बाकिगा लोकांची शेतं आहेत. एरवी हे लोक बात्वांच्या हातचं पाणी पीत नसत. बात्वा दारात टेकला, तर तो उठल्यावर जागा झाडून घेत. पण ही हाक कानावर पडली की हातातली कुदळ टाकून धावत येत. चारजण दमले की दुसरे चार खांदा देत. माझ्या दांड्याखाली बात्वाचा आणि बाकिगाचा घाम एक होई आणि तेव्हा कोणी काही झाडून घेत नसे. मी तापाने फणफणलेली मुलं नेली, मध काढताना झाडावरून पडलेली माणसं नेली, अडलेल्या बायका नेल्या. त्या बाळ पाठीला बांधून चालत परत यायच्या आणि माझ्यावरून हात फिरवायच्या. मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग पाहुणे येऊ लागले. दोन दिवसांची सहल, सकाळी गोरिला बघायचे आणि दुपारी बात्वा बघायचे. त्यांना आणणारा एनोस समोरच्याच टेकडीवरचा बाकिगा, जिभेवर साखर असलेला. एका पाहुणीचा पाय मुरगळला म्हणून त्याने मला पहिल्यांदा जंगलात नेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुढे पाय न मुरगळलेलेही बसू लागले. कोणाला चढ नको, कोणाला चिखल नको. एक गलेलठ्ठ गृहस्थ तर माझ्यात बसून उकडलेली अंडी खात होता, टरफलं माझ्या विणीत कोंबत होता आणि वर खांदेकऱ्यांना जरा हळू चला म्हणत होता. ज्या जंगलात सेम्बागारेला पाऊल टाकायची बंदी, तिथे मी असली ओझी मिरवत होते.

गोरिलांसमोर हे पाहुणे तोंडाला फडकं बांधतात आणि लांब उभे राहतात. आपली सर्दी त्या जनावरांना लागू नये म्हणून. चांगलंच आहे ते. पण तासाभराने वस्तीत आले की तीच फडकी खिशात जातात, आणि हीच माणसं खोकत खोकत आमच्या पोरांचे गाल ओढतात.

वस्तीतली थेरं तर विचारूच नका. पाहुणे दिसले की शर्ट काढून झोपडीत लपवायचे, कातडी गुंडाळायची आणि नाचायचं. शेवटी आजाऱ्याचा खेळ. एकाने माझ्यात पडून कण्हायचं, दुसऱ्याने कड्यावर जाऊन हाक द्यायची, आणि चौघांनी मला उचलून अंगणाला फेरी मारायची. सेम्बागारेने एनोसला परोपरीने विनवलं की बाकी काय ते करा, हाक तेवढी देऊ नका.

“अहो बाबा, नुसतं ओरडायचं तर आहे,” एनोस म्हणाला. “ओरडल्याने काय घसा झिजतो?”

खेळ झाला की पोरांच्या ताटात घेवडा पडायचा, म्हणून सेम्बागारेने विनवणं सोडलं. पहिल्या दोन खेपांना समोरच्या टेकडीवरून माणसं धापा टाकत आली. हसणारे पाहुणे पाहून शिव्या घालत परत गेली. तिसऱ्या खेपेला कोणी आलं नाही.

सेम्बागारेची नात प्रोविया तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. ती नको म्हणत असताना एनोसने तिलाच झोपायला लावलं. पोट फोटोत छान दिसतं, म्हणाला. दुसऱ्या फेरीला तिने माझी कड घट्ट धरली.

“आजा, थांबव यांना,” ती म्हणाली. “हे खोटं नाही.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचं कोमट रक्त माझ्या विणीत उतरत होतं आणि ते टाळ्या वाजवत होते.

सेम्बागारे कड्यावर धावला. आवाज फुटेपर्यंत त्याने हाक दिली. समोर रताळी खणणारी एक बाई ताठ झाली, कपाळावर हात धरून तिने इकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली. पाहुण्यांची गाडी दोन तासांच्या उतारावर, दवाखान्याच्या उलट दिशेला. एनोस त्यांना घेऊन तिकडे गेला. वस्तीतली बाकीची धडधाकट माणसं इतर पाहुण्यांचं सामान वाहायला गेलेली. उरले ते खेळातले चौघे आणि पाचवा सत्तरीचा सेम्बागारे. खांदा बदलायला कोणी नव्हतं, म्हणून मला पुन्हा पुन्हा खाली ठेवावं लागलं. दुसऱ्या डोंगरावर, अशाच एका थांब्याला, बाळ आलं. ते रडलं नाही. प्रोविया तेवढी वाचली.

पंधरवड्याने एनोस परत आला. आजाऱ्याचा खेळ अगदी खरा वाटला असं पाहुण्यांनी लिहून पाठवलं होतं. तो डाग तेवढा धुऊन टाका, असं तो मला बघून म्हणाला.

प्रोविया उंबऱ्यातून उठली. “खेळ करायचा तर घरची खाट आण,” ती म्हणाली, “आणि तुझ्या बायकोला झोपव तिच्यावर. आम्ही टाळ्या वाजवू.”

एनोसने इथला खेळ आवरला, पण धंदा सोडला नाही. त्याने रंगीत पट्ट्यांची नवी डोली करून घेतली आणि खालच्या वस्तीत खेळ मांडला. तिथूनही तीच हाक दिली जाते.

म्हणून आता कोणी आजारी पडलं की सेम्बागारे कड्यावर जात नाही. काठी घेऊन उतरतो, समोरची टेकडी चढतो आणि दारोदार सांगत फिरतो. परवा त्या रताळीवाल्या बाईने मान वर न करताच विचारलं, “आज पाहुणे आहेत का?” नाहीत म्हटल्यावर तिने नवऱ्याला बोलावलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. नाच दाखवा, टोपल्या विका, पण जीव वाचवायची हाक कोणाच्या करमणुकीसाठी देऊ नका. कोणी देत असेल तर टाळ्या वाजवू नका. सेम्बागारे आता फार हळू चालतो. आजाऱ्याला माझ्यात झोपवून तो निघतो, आणि माणसं घेऊन परत येईपर्यंत मी त्या आजाऱ्याचा श्वास ऐकत पडून राहते.