साठचे अर्धे तीस

पत्नीचा बावीस वर्षांचा शिवणवर्ग माझ्यामुळे बंद पडत आहे, हे मला एका गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळले. तोपर्यंत तिच्या औषधांचा कारभार माझ्याकडे होता. तो मी स्वतःहून घेतला होता. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन चौतीस वर्षे बॉयलरच्या देखभालीत काढलेल्या माणसाला एका बाईचा रक्तदाब जड जाऊ नये, असे माझे मत होते.

त्या गुरुवारच्या सुमारे तीन आठवडे आधी, तिच्या पावलांवर महिनाभर सूज येत होती म्हणून डॉक्टरांनी रक्तदाबाची साठ मिलिग्रॅमची गोळी बदलून तीसची लिहून दिली आणि विचारले, "समजलं ना?" बाहेर तेरा माणसे बसली होती. मी "हो" म्हटले.

औषधाच्या दुकानात मात्र मी नवी गोळी घेतली नाही.

"साठची दोन पाकिटं घरात पडून आहेत," मी दुकानदाराला सांगितले.

"मग तीसची नको?"

"नको."

त्यानेही मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. साठचे अर्धे तीस. एवढ्यासाठी औषधशास्त्र लागत नाही.

गोळी निम्मी करणे हे मात्र हलगर्जीपणाने करण्याचे काम नव्हे. तिचा व्यास मी व्हर्नियर कॅलिपरने मोजला, लाकडाचा लहानसा साचा केला आणि त्यात पातळ पाते बसवले. काही गोळ्यांच्या मध्यावर तोडण्यासाठी रेघ असते. हिच्यावर ती नव्हती. हा कारखान्याचा दोष धरून मी रेघ स्वतः आखली.

"अहो, गोळी द्यायची आहे, सोनं तोलायचं नाहीये," पत्नी म्हणाली.

"दोन्ही तुकडे सारखे हवेत."

"तुमचे तुकडे सारखे होईपर्यंत माझा नाश्ता पचून गेला."

तिसऱ्या दिवसापासून तिला अकराच्या सुमारास गरगरू लागले. तिचा वर्ग साडेदहाला सुरू होई. पुढच्या खोलीत चार यंत्रे, कापड बेतण्याचे एक मोठे टेबल आणि नऊ मुली. एका मुलीच्या शर्टाची कॉलर बेतता बेतता ती टेबलाचा काठ धरून खाली बसली. दुसऱ्या आठवड्यात इस्त्री हातात असताना तोल गेला. इस्त्री जमिनीवर पडली, ती खुर्चीवर. उलट झाले नाही, एवढेच.

मी रक्तदाबाची नोंद ठेवत होतो. सकाळी आठ, अकरा आणि संध्याकाळी पाच, आलेख कागदावर, तीन रंगांत. अकराचा बिंदू रोज खाली जाई. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात बिघाड असावा म्हणून मी नवी बॅटरी घातली. बिंदू तरीही खालीच गेला. तेव्हा मी बॅटरीच्या दर्जाविषयी वहीत शेरा लिहिला.

पत्नीने वेगळा निष्कर्ष काढला.

"माझं वय झालं," एके दुपारी ती म्हणाली. "मुलींच्या हातात कात्री असते, माझ्या हातात इस्त्री. उद्या कुणाला भाजलं तर? दोन यंत्रं भाचीला देऊन टाकते."

"आणि उरलेली दोन?"

"त्यांच्यावर तुम्ही बसा."

बुधवारी तिने मुलींना वर्ग बंद करत असल्याचे सांगितले. दोघी रडल्या. तिसरीने विचारले, "काकू, माझी बाही कोण लावणार?" पत्नी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

गुरुवारी दवाखान्यात तपासणी होती. पत्नी रक्त द्यायला आतल्या खोलीत गेली. त्याआधी नर्सने तिचा रक्तदाब मोजला होता. आकडा पाहून पुन्हा मोजला होता. आता ती माझ्याकडे आली.

"काका, गोळी कशी देता?"

"डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे."

"ते नको. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मी इथे नाही असं समजा."

मी सर्व सांगितले: पाकीट, साचा, पाते, रेघ आणि अकराची गरगर. तुकड्यांच्या वजनातील फरक जाणवण्याजोगा नाही, हेही सांगितले. ती मला मध्येच थांबवील असे वाटले होते. तिने थांबवले नाही. मी आलेखही दाखवला.

"फार सुंदर काढलाय," ती म्हणाली. "कुणाला दाखवलात?"

"नाही."

"काका, ही गोळी कापायची नसते. हिची बांधणीच अशी आहे की औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं. कापली की ते एकदम बाहेर येतं. म्हणून अकराला काकू खाली बसतात."

मला पुढचे समजावण्याची गरज नव्हती. मी आयुष्यभर दाब हळूहळू सोडणाऱ्या झडपा सांभाळल्या होत्या. घरात मी तीच झडप रोज सकाळी आठ वाजता करवतीने कापत होतो, तीही अगदी मधोमध.

"चूक माझी," मी म्हणालो.

"आमचीही. 'समजलं ना' विचारलं की माणूस 'हो'च म्हणतो. कशी घेणार ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं." ती डॉक्टरांकडे जाऊन आली. "उरलेले तुकडे आणि साठची पाकिटं इथे आणून द्या. उद्यापासून तीसची, अख्खी. शनिवारी पुन्हा मोजू. आता तुम्ही सांगा."

"उद्यापासून तीसची, अख्खी. कापायची नाही, चावायची नाही."

"चावायचं मी बोलले नव्हते."

"ते मी तत्त्वावरून काढलं."

"बरोबर आहे. पण तत्त्वावरून काढलेलं आधी विचारत जा. काकूंना मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगतो."

पत्नी कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबत बाहेर आली आणि बाकावर बसली. मी वाक्य तयार ठेवले होते. त्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. तो मी गाळला.

"तुला गरगरतं ते माझ्यामुळे. ती गोळी कापायची नव्हती. मी विचारलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या अंदाजाने हे दहा सेकंद चालले.

"म्हणजे तीन आठवडे मी स्वतःला म्हातारी समजत होते, ते उगाचच?"

"म्हातारी आहेस. पण फक्त अकरा वाजता नव्हे."

"मुली रडल्या हो काल."

"मला ठाऊक आहे."

"इस्त्री कुणाच्या पायावर पडली असती तर?"

दोन रुग्ण आत जाऊन बाहेर आले.

मग तिने हात पुढे केला. "फाइल द्या इकडे. चिठ्ठीही. आजपासून औषधांना तुम्ही हात लावायचा नाही."

मी दिली. तिने चिठ्ठी पूर्ण वाचली, आत जाऊन नर्सला तीन प्रश्न विचारले आणि परत आली. त्यांपैकी एकही मला सुचला नव्हता. मग पर्समधून फोन काढून तिने बाहीवाल्या मुलीला लावला.

"अगं, यंत्रं कुठे जात नाहीत. पुढच्या सोमवारी या सगळ्या... नाही गं, मला काही झालेलं नाही. आमच्या घरी एक हुशार माणूस आहे, त्याचा त्रास होता. आता आटोक्यात आहे."