तपासणी-कार्डावरची सही

"थांबा." बायकोने चमच्याने टेबलावर टकटक केलं. "असं पुटपुटलेलं कोण ऐकून घेणार? पुन्हा पहिल्यापासून."

लिफ्ट-मेकॅनिक पुन्हा उभा राहिला. शेवटच्या निवेदनाची चारही पानं तिनेच लिहून काढली होती, शाळेत पंधरा वर्षं कारकुनी केलेल्या हाताने, समास सोडून. खटल्याचा उद्या शेवटचा दिवस. एका आठमजली इमारतीतली लिफ्ट ब्रेक न लागल्यामुळे दोन मजले घसरून खाली आदळली होती. आत शिवणकाम करणारी एक म्हातारी होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. निष्काळजीपणाचा आरोप त्याच्यावर होता.

"अपघाताच्या आठ दिवस आधी," त्याने वाचलं, "मी स्वतः गच्चीवरच्या मशीन-रूममध्ये जाऊन ब्रेक उघडून..."

त्याला ठसका लागला.

"तिसऱ्यांदा! आणि नेमका इथेच. अहो, हाच तर आपला हुकमी एक्का. कार्डावर तारीख आहे, तुमची सही आहे. मग घाबरायचं कशाला?"

तो पाणी प्यायला. भांडं रिकामं झालं तरी ओठांना तसंच लावून राहिला.

वकील त्याने पहिल्या भेटीनंतरच सोडला होता. दार लावून घेत वकील एवढंच म्हणाला होता, "आता मला खरं काय ते सांगा." घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "कर नाही त्याला डर कशाला? माझं मी बोलेन." हे वाक्य तिने शेजारणींना ऐकवलं, शाळेतल्या शिपायाला ऐकवलं. तिच्या बहिणीने तर उद्या कोर्टात यायचं म्हणून रजाच काढली होती.

"वाचा पुढे."

"यातलं एक वाक्य काढलं तर?"

"कोणतं?"

त्याने बोट ठेवलं. ती हसली. "वेड लागलंय का? ते काढलं तर उरतं काय? बाकी सगळं त्याच्यावरच तर..."

ती बोलता बोलता थांबली. त्याचं बोट तिथेच होतं, नखातल्या काळ्या ग्रीससकट.

"ऊन फार होतं," तो म्हणाला. "सकाळपासून पाच इमारती झाल्या होत्या. त्या ब्रेकमध्ये कधी काही निघायचं नाही. खालीच सही केली, वॉचमनच्या खुर्चीत बसून."

तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"मागच्या तारखेला कोर्टाच्या जिन्यावर," ती म्हणाली, "मी त्या म्हातारीला सुनावलं. तुम्हीच लिफ्टचं दार धडाधडा ओढलं असेल, म्हटलं. माझ्या नवऱ्याला कशाला गोवता?"

"माहीत आहे. मी मागेच उभा होतो."

तिने पानांच्या कडा जुळवल्या, ती त्याच्यापुढे सरकवली आणि आत जाऊन बहिणीला फोन लावला. "उद्या येऊ नकोस," एवढंच त्याला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण सगळ्यात मागच्या बाकावर बसली.

"शेवटचं काही सांगायचंय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

त्याने हातातली पानं उलटी करून कठड्यावर ठेवली. "मी वर गेलोच नव्हतो. ब्रेक बघितलाच नाही. सही माझी आहे, तपासणी खोटी आहे."

टाइप करणाऱ्याची बोटं क्षणभर थांबली. पुढच्या बाकावर कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसलेली म्हातारी मुलीकडे झुकली.

"काय म्हणाला गं तो?"

मुलगी त्याच्याकडेच बघत राहिली.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "त्यांना ऐकू आलेलं नाही. त्यांच्याकडे बघून सांगा. मोठ्याने."

तो वळला. म्हातारी कानामागे तळहात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.