माझ्यावर 'पूल बंद' लिहिलं तो आठवडा

मी फळा बोलतोय. एके काळी शाळेत होतो. आता आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेच्या कचेरीबाहेर, भिंतीवर दोन खिळ्यांच्या आधाराने उभा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी माझ्यावर पडते, मग आतल्या टेबलाकडे जाते.

मला घडवलं एका तिरसट सुताराने. पॉलिश पेपरने घासून घासून त्याने माझं अंग गुळगुळीत केलं आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. "अक्षर घसरता कामा नये," एवढंच पुटपुटायचा. पुढे अठरा वर्षं मी वर्गात काढली. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, तीही तोंड भिंतीकडे करून. शिक्षा झाल्यासारखा पाच वर्षं तसाच उभा होतो. कोळ्यांनी जाळी विणली, तेवढंच माझ्यावर काही उमटलं.

तिथून मला बाहेर काढलं सिस्टरनी. त्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. पण लोकांच्या तोंडचं 'सिस्टर' काही सुटलं नाही. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, कचेरीबाहेर टांगलं आणि खडूने तीन रकाने आखले: झालं, झालं नाही, माहीत नाही.

त्यांच्या यजमानांनी कपाळाला हात लावला. "अगं, निवडून आलेल्या माणसाने 'माहीत नाही' लिहायचं असतं का?"

"नातेवाईक वॉर्डाच्या दाराशी उभे असतात ना, तेव्हा त्यांना गोड ऐकायचं नसतं, खरं ऐकायचं असतं," सिस्टर म्हणाल्या. "तीस वर्षांत तेवढंच शिकलेय मी."

दर सोमवारी सकाळी त्या लिहायच्या. नळाला पाणी किती वाजता, गटार कुठवर झालं, दिव्याचा खांब का आला नाही. एक निवृत्त पोस्टमन सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण घोळक्यात निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले असायचे आणि काहींना वाचताच यायचं नाही. माणसांची गंमत मला तिथेच कळली. ज्याची त्याची नजर आधी आपल्या गल्लीचं नाव शोधते. ते सापडलं नाही की बाकीचं सगळं त्याला खोटं वाटतं!

मग पुलाची गोष्ट घडली.

आमच्या वस्तीच्या मधून ओढा वाहतो. शाळा अलीकडे, निम्मी घरं पलीकडे. मध्ये एक जुना पायपूल. त्याच्या कठड्याजवळ भेग दिसली म्हणून लोकांनी ओरड केली. अभियंता येऊन गेला. सोमवारी सिस्टरनी 'झालं'च्या रकान्यात लिहिलं, "पुलाची तपासणी झाली. पूल सुरक्षित आहे." पोस्टमननी वाचलं, लोक निर्धास्त झाले.

गुरुवारी पलीकडचा शिंपी आला. मितभाषी माणूस. गळ्यातली टेप काढून त्याने टेबलावर ठेवली.

"सिस्टर, सोमवारी भेग दोन बोटं होती. आज तीन झालीत. कापड मोजणारा माणूस मी, माप चुकत नाही माझं."

सिस्टर तशाच उठल्या. चपला हातात घेऊन शिंप्याबरोबर ओढ्यात उतरल्या आणि पुलाच्या पोटाखाली गेल्या. परत आल्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. दारातूनच त्यांनी अभियंत्याला फोन लावला.

"तुम्ही खाली उतरून पाहिलं होतं का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आणि मीही विचारलं नाही," त्या स्वतःशीच बोलल्या. मग त्यांनी ते वाक्य पुसलं आणि रकाने सोडून मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"सोमवारी मी लिहिलं ते चूक होतं. पूल आजपासून बंद."

काय सांगू तुम्हाला, मोहोळ उठलं! मोठ्या रस्त्याने वळसा घ्यायचा म्हणजे पाऊण तासाची पायपीट. दुकानदार भांडायला आले. "सोमवारी सुरक्षित, गुरुवारी बंद! तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" एकाने तर तळहाताने 'बंद' पुसून टाकलं. सिस्टरच्या पक्षाचे एक वडीलधारे नेते गाडीतून उतरले आणि हळूच म्हणाले, "चूक झाली असं लिहू नका हो. लोक तेवढंच लक्षात ठेवतात."

"ठेवू देत की," सिस्टर म्हणाल्या आणि 'बंद' पुन्हा लिहिलं.

पुलाच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले. पण बांबूखालून वाकून जाणारे जातच होते. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तिथे उभ्या राहून एकेकाला परत पाठवायच्या. त्यांचा आवाज पार बसला.

मंगळवारी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या जरा आधी, माझे खिळे हादरले. आधी धडाड आवाज, मग कुत्र्यांचं भुंकणं. कुणीतरी ओरडत आलं, "पूल पडला!"

सिस्टर त्या दिवशी सर्दीतापाने अंगावर शाल घेऊन कचेरीत बसल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी पुलापाशी कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला, आणि मी तर खडूने माखलेला. लोक ओढ्याकडे धावले. सिस्टरनी मुख्याध्यापिकेला फोन केला. "पलीकडच्या मुलांची हजेरी घ्या. आत्ता."

पाच मिनिटं गेली. शेवटी फोन वाजला. सगळी मुलं आली होती, एक सोडून. शिंप्याची नात.

शिंपी दारातच उभा होता. तो तिथेच खाली बसला. "आजीबरोबर निघाली होती," एवढंच म्हणाला. सिस्टर त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याचा हात धरून ठेवला.

आणि मग रस्त्याच्या वळणावर त्या दोघी दिसल्या. आजी पुढे, नात मागे लंगडत. मोठ्या रस्त्यावर नातीच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि चांभार दुकान उघडेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या होत्या. शिंप्याने नातीला असं कवटाळलं की पोर वैतागली. "आजोबा, सोडा ना, आधीच उशीर झालाय!"

जमलेले लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. सिस्टरनी खडू घेतला. मधोमध लिहिलं, "पूल पडला. सगळे सुखरूप." घोळक्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "काय लिहिलंय गं?" आणि चार जणी एकदमच सांगू लागल्या. माझ्या लाकडाचाही जीव भांड्यात पडला म्हणा ना!

संध्याकाळी अभियंता आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने सगळं वाचलं. "मी वरूनच पाहिलं होतं," तो खालमानेने म्हणाला. सिस्टरनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "नवा पूल होईल तेव्हा आपण दोघं मिळून खाली उतरू."

आता माझा एक कोपरा फुगलाय, रंगही विटलाय. नवा पूल कधी होणार हे तिसऱ्या रकान्यात आहे. लोक वळसा घालतात, कुरकुरतात, पण थांबून वाचतात. माझं एकच मागणं आहे. माझ्यावर काहीही लिहिलं तरी मला ते पुसता येत नाही. तेव्हा चुकीचं लिहिलं गेलं, तर ज्याने लिहिलं त्यानेच ते पुसावं, दिवसाढवळ्या, चारचौघांसमोर.

बरं, सोमवार आहे. सिस्टर ओलं फडकं घेऊन येतायत. जरा बाजूला सरका, उजेड येऊ द्या.