अयोध्या बाईंची सायकल

नांदेडहून लातूरला जाताना गीतांजली गाडी चालवत होती. शेजारी तिची मुलगी मुग्धा. मागच्या सीटवर गादी, बादली, पुस्तकांची खोकी. मुग्धा लातूरच्या क्लासला राहणार होती.

मोबाइलवरचं गणित तिनं मोठ्यानं वाचलं. "निम्मा रस्ता ताशी साठनं, निम्मा तीसनं. सरासरी वेग? पंचेचाळीस!" लगेच तोंड वाकडं केलं. "चूक दाखवतंय."

गीतांजलीला हसू आलं. "आमचा सगळा वर्ग असाच चुकला होता."

ती तेव्हा औशाच्या शाळेत आठवीत होती. अयोध्या बाई गणित शिकवायच्या. एक दिवस त्यांनी वर्गाला मैदानावर नेलं. तीन किलोमीटरवर एक वडाचं झाड होतं, तिथवर जाऊन परत यायचं. वर्गातल्या भारतनं जाताना सायकल पळवायची, ताशी अठरा. येताना ती हातात धरून झपाझप चालायचं, ताशी सहा. दुसऱ्यानं जाता-येता सायकलवरच, ताशी बाराच्या वेगानं यायचं.

"अठरा आन् सहाची सरासरी बाराच की. दोघं संगंच येतेत!" पोरं ओरडली.

"बघू. दुसरी सायकल गीतांजली चालवंल," बाई म्हणाल्या आणि आपली सायकल तिच्यापुढं केली.

गावात बाई सोडल्या तर सायकलवर बसणारं बाईमाणूस नव्हतं. गीतांजली चोरून, मामाच्या शेतात शिकलेली. हे बाईंना कुणी सांगितलं, तिला कधीच कळलं नाही.

ती निघाली. आडत बाजारापाशी लोक वळून बघायला लागले. त्यांत तिचे वडील दगडोबाही होते, डोक्यावर पोतं घेऊन. ती थांबली नाही.

ती परत आली, तेव्हा भारतचा पत्ता नव्हता. दहा मिनिटांनी तो घामाघूम होऊन पोचला.

"जिथं हळू चाललास, तिथं वेळ लई गेला," बाई त्याला म्हणाल्या. "म्हणून वेगांची बेरीज करून निम्मी करायची न्हाई. सगळं अंतर घ्यायचं, सगळ्या वेळानं भागायचं."

मुग्धा पुटपुटली, "समजा, साठ किलोमीटरला एक तास, पुढच्या साठला दोन. एकशेवीस भागिले तीन... चाळीस!" मग मान वर करून तिनं विचारलं, "आजोबा रागावले?"

"संध्याकाळी आधी सगळी भाकरी खाल्ली. मग म्हणाले, 'उतारावर ब्रेक दाबत जा गं. लई जोरात सुटली होतीस.'"

दोघी हसल्या. चाकूरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर पुढ्यात आला, गाडी रेंगाळली.

"बाई आता कुठं असतात?"

"गेल्या, चार वर्षं झाली. मी नोकरीला लागल्याचं सांगायला गेले होते, तर आधी शिरा खाऊ घातला, मग विचारलं कुठं लागलीस."

मुग्धानं मोबाइल पर्समध्ये टाकला. "आई, अजून सांग ना त्यांचं."

ट्रॅक्टरला मागं टाकायला समोरचा रस्ता मोकळा होता. गीतांजली मात्र त्याच्यामागंच राहिली आणि सांगू लागली.