तिसरी हाक

"जे तू हरवलं नाहीस, ते तुझ्यापाशी आहे. बरोबर?" हेरियासने विचारलं.

"बरोबर," खाटीक म्हणाला.

"शिंगं कधी हरवलीस?"

"नाही बुवा."

"मग तुला शिंगं आहेत."

खाटकाने नकळत डोक्यावरून हात फिरवला आणि पडवीत हशा पिकला. मेगारा या ग्रीक नगराच्या बाजारातल्या त्या खांबांच्या पडवीत हा खेळ नेहमीचाच. नवा कोणी सापडला की तत्त्वज्ञ हेरियास त्याला शिंगं लावून द्यायचा, आणि शिष्य दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. जेवणाची टोपली घेऊन आलेली त्याची बायको मेलिता हीसुद्धा एके काळी हसायची.

या माणसाच्या डोक्यात नेमकं काय चालतं, याचं तिला लग्न झाल्यापासून कुतूहल होतं. आपल्या कोड्यांवर याचा खरंच विश्वास आहे, की लोकांना चकवायचा नुसता नाद? हसण्यावारी नेता येत होतं तोवर तिने विचारलं नव्हतं. पण त्यांचा मुलगा दामास बिझँटियनला निघालेल्या जहाजावर चढला, त्याला आता दोन हिवाळे उलटून गेले होते. जहाज तिथे पोचलं नाही आणि इथे परतलंही नाही. शेजारणी म्हणत, रिकामी का होईना, कबर बांध, क्रिया कर, नाहीतर पोराचा जीव भटकत राहील. हेरियास मात्र हा विषय निघाला की उठून जाई.

संध्याकाळी मसुराची आमटी वाढताना तिने विचारलंच.

"अहो, दामासला आपण हरवलंय का?"

"नाही."

"म्हणजे तो आपल्यापाशी आहे?"

हेरियासने पावाचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला. "ते कोडं वेगळं, मेलिता."

"वेगळं कसं? खाटकाला चालतं, मला नाही?"

"अगं, शिंगं मुळात नव्हतीच. म्हणून तर लोक हसतात."

"मग जो होता, त्याचं काय?"

हेरियासने आमटीची वाटी बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याला त्याच्याच कोड्यात पकडलं होतं, पण तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"क्रिया केली आणि पोरगा परत आला तर?" तो म्हणाला. "मेलेला म्हणून देवळाची पायरी चढू देणार नाहीत त्याला. बायकांनी बाळासारखं न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, पुन्हा जन्माला घालायचं, तेव्हा कुठे माणसात घेतील. एवढ्या मोठ्या घोड्याला."

"घालीन की जन्माला. पहिल्या वेळी काय तुम्ही घातलं होतं?"

तो हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने ते शालीत लपवलं. कोड्याच्या आडोशाला हा माणूस आपलं पोर जिवंत ठेवून बसलाय, हे मेलिताला तेव्हा कळलं. तिला त्याची फार दया आली.

अखेर क्रिया करायला, वारा पडल्यावर, दोघं निसाया या मेगाराच्या बंदरापलीकडे, जिथे होड्या नसतात तिथे गेली. मेलिताने वाळूवर मद्य ओतलं. आता बापाने समुद्राकडे तोंड करून मुलाचं नाव तीनदा पुकारायचं, की तो मेलेल्यांत जमा.

"नेमका कितव्या हाकेला मरतो गं?" हेरियासने विचारलं. "एका हाकेने कोणी मरत नाही. दुसरीनेही नाही. घरात तर आपण त्याला दिवसभर हाका मारायचो."

तो कोडं घालत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला नाही ठाऊक," मेलिता म्हणाली. "तुम्ही मारा."

"दामास," त्याने हाक मारली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. आणि तो कान देऊन उभा राहिला, जेवायला बोलावल्यावर पोरगं 'आलो' म्हणेल म्हणून थांबावं तसा. मेलिता तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

तिने त्याचा हात धरला.

"परत आला तर सांगा त्याला, तिसरी हाक आईची होती," ती म्हणाली, आणि समुद्राकडे वळून तिने हाक मारली.