उजेडाला धरलेलं अंडं

वहिनीचं रक्त मी रस्त्याच्या कडेला ओतून दिलं. ही कबुली आधीच देतो. कारण तिची आठवण येते ती नेहमी उजेडासकट, आणि त्या उजेडावर डाग आहे तो माझा.

बोरीच्या आमच्या घरात पत्र्याच्या भोकातून सकाळी उन्हाची एक कांब चुलीजवळ उतरे. थोरला भाऊ वारल्यावर घर ओढणारी वहिनी कोंबडीखालचं अंडं त्या कांबेत धरी. कवचाआड शेंदरी तेज पाझरे, त्यात जीव धरल्याची खूण, तांबड्या शिरांचं जाळं, दिसलं की तिचे ओठ किंचित हलत आणि अंडं पुन्हा उबेत जाई.

शौचातून रक्त जाऊ लागलं तेव्हा डॉक्टरांच्या तपासणीला ती लाजेने नाही म्हणाली. मिलिंदला मात्र लगेच हो म्हणाली. मिलिंद माझा शाळासोबती, बौद्धवाड्यातला, औरंगाबादेत भौतिकशास्त्रात संशोधन करणारा. काचेच्या नळीतल्या रक्तावर ठरावीक प्रकाश टाकायचा आणि परतणाऱ्या उजेडाच्या वर्णपटात आतड्याच्या कर्करोगाची खूण सापडते का, हे तो शोधत होता.

"अजून खात्रीचं नाही, वहिनी. पण शंका आली, तर मुंबईला दाखवायला मी सोबत येईन," तो म्हणाला.

"अंड्यावानीच की! फोडायचं न्हाई, नुसतं उजेडाला धरायचं," ती हसली. "भावजी, तुमी का तोंड पाडलंय?"

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव तेढ माजण्याचे दिवस होते. पारावरची कुजबुज धुळीसारखी घरात येई, भाकरीवरही बसे. मिलिंदला आमच्याच घरचं रक्त कशाला हवं, या प्रश्नाला मी सावधपणा म्हणत होतो.

नर्सबाईंनी भरून दिलेली नळी बर्फाच्या थर्मासात घेऊन मी निघालो आणि मधल्या थांब्यावर उतरून रिकामी केली. परभणीच्या स्टँडवर ताटकळलेल्या मिलिंदला म्हणालो, वहिनी नको म्हणाल्या. घरी येऊन वहिनीला म्हणालो, उजेडात काही निघालं नाही. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढची करडई फुलली तेव्हा ती खाटेवर होती. गाठ आता नुसत्या हातालाही लागत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती चुलीजवळच्या उन्हाकडे पाहत राहिली.

"माझ्याकडं काय बघायलाव? जावा. त्या लेकराला सांगा, वहिनी न्हाई म्हणली नव्हती."

ती वारल्यावरच मी औरंगाबादेला गेलो. अंधारलेल्या खोलीत मिलिंद यंत्रापुढे बसला होता; निळसर उजेडात त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मिलिंद, वहिनी हो म्हणाल्या होत्या. रक्त मी ओतलं. तू वाड्यातला म्हणून ओतलं. मला माफ कर."

यंत्राचा दिवा मालवून तो अंधारात तसाच बसून राहिला. घरी ती कांब अजूनही उतरते, पण वाटेत अडवणारा हात नसल्यामुळे सरळ जमिनीवर पडते, आणि काळ तिथे नुसता सरकत राहतो.